सही येत होती, म्हणून आम्ही फसलो

दोन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांच्या मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला. ते पतसंस्थेत रोखपाल होते. बोलणे तीन महिन्यांत बरेचसे परतले, उजव्या हातात चहाचा कपही धरता येऊ लागला. पण वाणसामानाची यादी करायला बसले की पेन कागदावर नुसते टेकून राही, ‘साखर’ लिहायला जावे तर ‘सारख’ उमटे, आणि मग ते चिडून कागदच चुरगाळत.

अशा वेळी ओळखीतल्या एकांनी एक केंद्र सुचवले. तेथील गृहस्थ स्वतःला स्पीच थेरपिस्ट म्हणवीत. 45 दिवसांत लेखन पूर्ववत होईल अशी त्यांनी हमी दिली आणि 40,000 रुपये आगाऊ घेतले. रोज डोक्याला वायरींची टोपी घालून वीस मिनिटे बसवायचे, नंतर ठिपक्यांवरून अक्षरे गिरवून घ्यायची, एवढाच तो उपचार. दहाव्या दिवशी त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि यजमानांनी खालच्या दोन टिंबांसकट झोकात सही केली. मला रडू आवरेना. वास्तविक तीच सही त्यांनी रुग्णालयातून घरी येतानाच्या कागदांवर माझ्यासमोर केली होती, पण त्या आनंदात मला ते आठवले नाही.

पुढे एका नोंदणीकृत वाचा-भाषा तज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेव्हा उलगडा झाला. वर्षानुवर्षे केलेली सही हातात मुरलेली असते. शब्द आठवून त्यातली अक्षरे जुळवण्याची क्षमता गेली तरी ती पुष्कळदा शाबूत राहते. गिरवताना तर आठवावे काहीच लागत नाही, कारण वळण डोळ्यांसमोरच असते. बाईंनी आमची सुबक गिरवलेली वही मिटली आणि पाण्याच्या पेल्याचे चित्र पुढे ठेवले. यजमानांनी ‘प’ काढला आणि ते थांबले. मग घरात रोज लागणारे वीस शब्द निवडून प्रत्येकाची सुटी अक्षरे जुळवणे, शब्द पाहून उतरवणे आणि शेवटी झाकून आठवणीने लिहिणे, असा सराव त्यांनी घालून दिला. किती सुधारणा होईल, याचे वचन मात्र त्यांनी दिले नाही.

भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यानुसार अशा तज्ज्ञाची नोंदणी आवश्यक असते, हे मला आधी ठाऊक नव्हते. नंतर त्या गृहस्थांना नोंदणी क्रमांक विचारला, तर ‘नूतनीकरणाला पाठवला आहे’ असे उत्तर मिळाले. भिंतीवरची चौकटीतली प्रमाणपत्रे दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळांची निघाली. पैसे परत मागायला गेले, तेव्हा त्यांनी मला माझीच पावती नीट वाचायला सांगितली. तीवर उपचारशुल्क नव्हे, ‘स्वेच्छा देणगी’ असे छापलेले होते आणि खाली देणगीदार म्हणून यजमानांची दोन टिंबांची ती सही होती.