लॉनच्या कामाची पहिली गिऱ्हाइकं: पत्रकं वाटावीत, गुगलवर जाहिरात द्यावी की ओळखीतून जावं?

गवत कापायचा मोअर आला, कडा छाटायचा ट्रिमर आला, धंद्याला नावही ठरलं. आता प्रश्न भवानीचा. जाहिरातीसाठी हाताशी थोडेच पैसे आहेत, सल्ले देणारे मात्र भरपूर. कुणी म्हणतं पत्रकं छाप, कुणी म्हणतं गुगलवर जाहिरात दे, कुणी म्हणतं फेसबुकवर फोटो टाकत राहा, कामं आपोआप येतील. हे सगळं कुठे ना कुठे चालतंच. पण लॉनच्या धंद्यात निवड करताना मी एकच कसोटी लावेन: मिळणारी गिऱ्हाइकं एकमेकांपासून किती जवळ राहतात?

हिशेब करून बघा. एका लॉनला पाऊण तास धरू. एकाच गल्लीतली पाच लॉन पावणेचार तासांत उरकतात. तीच पाच घरं विखुरलेली असली आणि दर दोन घरांमध्ये वीस मिनिटांचा रस्ता असला, तर एक तास वीस मिनिटं नुसती गाडीत जातात. जवळजवळ दोन लॉनची मजुरी बुडाली, इंधन वेगळंच. शिवाय हे काम एकदाचं नाही. गवत जोरात असताना दर आठ-दहा दिवसांनी तीच वणवण.

पत्रक की गुगलची जाहिरात?

खरी तुलना या दोघांतच आहे. गुगलवर जाहिरात पाहणारा माणूस गरजू असतो. गवत गुडघ्यापर्यंत आलंय, आधीचा माणूस फिरकत नाहीये, म्हणून तो शोधतोय. त्यामुळे फोन लवकर येतात. पत्रक ज्याच्या हातात पडतं त्याला बहुतेक वेळा त्या दिवशी काहीच नको असतं, आणि बरीचशी पत्रकं थेट कचऱ्यात जातात. एवढी मनाची तयारी करूनच ती वाटायची.

पण गल्ली निवडायची मुभा पत्रकच देतं. गुगलवर तुम्ही शहर, पिनकोड किंवा अमुक किलोमीटरचा परिघ सांगू शकता, त्यातलं नेमकं कुठलं घर फोन करेल ते तुमच्या हातात नसतं. पत्रकाचं तसं नाही. एक लॉन कापून झालं की डावी-उजवीकडची चार-पाच घरं आणि समोरची ओळ, एवढ्यातच ती टाकायची. ताज्या कापणीचे पट्टे दिसत असतात, कडा सरळ छाटलेल्या असतात, म्हणजे नमुना शेजारीच मांडलेला आहे. घरमालकाची परवानगी असेल तर पत्रकावर सरळ लिहा, ‘तुमच्या शेजारचं लॉन आम्हीच सांभाळतो.’ त्याखाली कामात काय-काय येतं (कापणी, कडा, कापलेलं गवत उचलणं), किती दिवसांनी येणार आणि फोन नंबर. बास. सेवांची लांबलचक यादी कुणी वाचत नाही. तीन गल्ल्यांत एकदा जाण्यापेक्षा एकाच गल्लीत दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीनदा जा. ‘पत्रके टाकू नयेत’ अशी पाटी असेल ते घर सोडा. टपालपेटीत टपालाशिवाय काही टाकायला काही देशांत मनाई आहे, म्हणून गेटला अडकवता येईल असंच पत्रक छापलेलं बरं.

गुगलच्या जाहिरातीत पैसे क्लिकमागे जातात, गिऱ्हाइकामागे नाही. नवखा माणूस दोन ठिकाणी हमखास फसतो. पहिलं, जागेची सेटिंग. तुम्ही परिसर निवडला तरी मूळ सेटिंगमध्ये त्या परिसरात असलेले आणि त्या परिसरात नुसता रस दाखवणारे, असे दोघेही धरले जातात. ती बदलून फक्त तिथे असलेल्यांपुरती करा, नाहीतर दूरच्या माणसाच्या क्लिकचे पैसे तुम्ही भराल. दुसरं, नको असलेले शब्द. ‘लॉनमोअर दुरुस्ती’, ‘कृत्रिम लॉन’, ‘माळीकामाची नोकरी’, ‘लॉन कसं कापावं’ असं शोधणाऱ्याला तुम्ही नको आहात आणि तुम्हाला तो. हे शब्द पहिल्याच दिवशी वगळा, आणि लोक नक्की काय शोधून आले त्याची यादी दर आठवड्याला तपासा. एवढं करूनही दिवसभर मोअरच्या आवाजात फोन ऐकू आला नाही तर पैसे पाण्यात. शोधणारा माणूस पुढच्या नंबरला फोन लावतो, तुमच्या उलट फोनची वाट बघत बसत नाही. फोन घ्यायला दुसरं कुणी नसेल तर जाहिरात फक्त संध्याकाळच्या वेळेपुरती चालू ठेवता येते.

फुकटची गुगल नोंदणी

गुगल बिझनेस प्रोफाइल (2021 पर्यंत याचंच नाव गुगल माय बिझनेस होतं) ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे ‘हे की ते’ असा प्रश्नच नाही. ती करायचीच. घरून धंदा करत असाल तर पत्ता लपवता येतो आणि त्याऐवजी सेवेचे भाग देता येतात, जास्तीत जास्त 20. सगळे 20 भरायच्या मोहात पडू नका, दोन-तीन पुरे. पडताळणीसाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, त्यात यंत्रं, गाडीवरचं नाव, कामाची कागदपत्रं दाखवायची तयारी ठेवा. सुरुवातीला तुम्ही यादीत खाली असाल, कारण वर यायला अभिप्राय लागतात आणि अभिप्रायाला गिऱ्हाइकं. काम संपल्यावर, माणूस खूश असतानाच लिंक पाठवून अभिप्राय मागा. त्याबदल्यात सूट मात्र देऊ नका, गुगलच्या नियमांत ते बसत नाही.

फेसबुक आणि व्हॉट्सअॅप

इथे मी फारसा वेळ घालवणार नाही. फेसबुकवर परिसराच्या ग्रुपमध्ये आधीचा आणि नंतरचा फोटो चांगला चालतो, एकाच कोनातून काढलेला असेल तर. पैसे देऊन जाहिरात केली तर ती गवताचा विचारही न करणाऱ्यांपर्यंत जाते. लाइक येतात, लाइकवाल्याला लॉन असतंच असं नाही. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी पहिल्या गिऱ्हाइकांसाठी कुचकामी, कारण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. जुन्या गिऱ्हाइकांना ‘पाऊस आहे, उद्याऐवजी परवा येतो’ एवढं कळवायला मात्र ती उत्तम.

ओळखीपाळखी

सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात लवकर आटणारी. पहिली दोन-तीन कामं इथूनच येतील, येऊ द्या. फक्त फुकट करू नका. फुकटात केलेल्या कामाचा दर पुढे मागताना जीभ जड होते, आणि ओळखीचे लोक शेजाऱ्यालाही ‘फुकट करतात’ असंच सांगतात. त्यापेक्षा पूर्ण दर घ्या आणि सांगा, तुमच्या गल्लीतलं एखादं घर महिन्याच्या कामाला लागलं तर दोघांचीही पुढची एक कापणी निम्म्या दरात. अभिप्रायावर जी सूट चालत नाही ती इथे बिनदिक्कत द्यावी, कारण तिच्यातून शेजारचं घर मिळतं.

मग कुणी काय निवडावं?

वेळ आहे, पैसे नाहीत, आणि लॉनवाली घरं एकमेकांना लागून आहेत: पत्रकं आणि ओळख. घरं लांब-लांब असतील तर पत्रकांच्या नादी लागू नका, चालूनच पाय दुखतील. तिथे गुगलची जाहिरात लहान परिघात, रोजची मर्यादा घालून. रान माजलेल्या बागेची एकदाची मोठी सफाई करायला तुम्ही उत्सुक असाल तरीही गुगलच, कारण अशा कामासाठी माणूस शोधून फोन करतो आणि एका कामाची रक्कम मोठी असल्याने क्लिकचा खर्च निघतो. नेहमीच्या छोट्या लॉनसाठी तो खर्च वसूल व्हायला काही कापण्या जाऊ शकतात, आणि तोवर गिऱ्हाईक टिकलं पाहिजे.

वेळही बघा. गवत वाढायला लागायच्या दोन-तीन आठवडे आधी पत्रकं पडली पाहिजेत. लोकांनी माणूस ठरवून टाकला की हंगामभर सहसा बदलत नाहीत. जाहिरात उलट कधीही चालू-बंद करता येते, म्हणून ती मध्येच गळालेल्या गिऱ्हाइकाची जागा भरायला राखून ठेवली तरी चालेल.

फोन आला की दर सांगायच्या आधी ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हे विचारा आणि वहीत गल्लीच्या नावासकट लिहा. दोन महिन्यांनी प्रत्येक मार्गावरचा खर्च त्या मार्गाने आलेल्या, आणि अजून टिकलेल्या, गिऱ्हाइकांनी भागा. ज्यांनी एकदाच बोलावलं त्यांना त्यात धरू नका.