व्हीलॅन आणि पोर्ट सिक्युरिटी : काही महिने वापरल्यानंतर

ऑफिसातले साधे नेटवर्क स्विच (उपकरणं केबलने जिथे जोडतात ती पेटी) काढून मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारे, स्विच बसवले त्याला आता बरेच महिने झाले. वेगाबद्दल सगळेच लिहितात. मला सॉफ्टवेअरबद्दल लिहायचंय, कारण रोज गाठ पडते ती त्याच्याशीच.

व्हीलॅनबद्दल, म्हणजे एकाच नेटवर्कचे आतून वेगळे भाग पाडण्याबद्दल, तक्रार नाही. त्याचं मानक ८०२.१क्यू हे चांगलं मुरलेलं तंत्र आहे. १ ते ४०९४ मधले आकडे वापरता येतात, आम्हाला मोजकेच लागले : स्टाफ, फोन, कॅमेरे, पाहुणे आणि स्विचच्या मॅनेजमेंटसाठी एक वेगळा. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या दुव्यावर) गरजेपुरतेच व्हीलॅन सोडले आणि नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर टॅगशिवाय, म्हणजे व्हीलॅनच्या आकड्याशिवाय, जाणारा) बिनवापराचा ठेवला, की दुहेरी टॅग लावून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये घुसायची वाट बंद होते.

पण व्हीलॅन म्हणजे नुसती वाटणी. भिंतीतल्या सॉकेटला कोणीही लॅपटॉप जोडला तरी त्या पोर्टचा (स्विचवरच्या केबल जोडायच्या जागेचा) व्हीलॅन त्याला आयता मिळतो. त्यामुळे स्विचचा खरा कस लागतो तो पोर्टवर कोणाला घ्यायचं हे ठरवताना.

त्यातला सोपा उपाय म्हणजे स्टिकी मॅक. पहिलं जोडलेलं उपकरण स्विच त्याच्या मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यावरून) लक्षात ठेवतो आणि दुसरं आलं की अडवतो. मात्र शिकलेले पत्ते चालू कॉन्फिगमध्ये असतात; सेव्ह केलं नाही तर रीबूटनंतर पाटी कोरी. नियम मोडला तर काय करायचं याचे तीन पर्याय आहेत. ‘प्रोटेक्ट’ गुपचूप पॅकेट टाकून देतो, कुठे नोंदही नाही, त्यामुळे तो मला अजिबात पटत नाही. ‘शटडाउन’ पोर्टच बंद करतो. आम्ही ‘रिस्ट्रिक्ट’वर स्थिरावलो : परकं उपकरण अडतं, लॉगमध्ये ओळ पडते आणि पोर्ट जिवंत राहतो.

खरं काम ८०२.१एक्सचं, म्हणजे पोर्टवर ओळख तपासणाऱ्या मानकाचं. लॅपटॉप आधी ओळख पटवतो, स्विच रेडियस सर्व्हरला (ओळखी तपासून देणाऱ्या सर्व्हरला) विचारतो आणि सर्व्हर सांगेल तो व्हीलॅन त्या पोर्टला मिळतो. माणूस जागा बदलून दुसऱ्या टेबलावर बसला तरी त्याचा व्हीलॅन त्याच्यासोबत जातो. या एका गोष्टीने आमचं पोर्ट बदलून द्यायचं काम जवळपास संपलं.

घोडं अडलं ते प्रिंटरपाशी. जुन्या प्रिंटरला ८०२.१एक्स येत नाही, म्हणून स्विच शेवटी मॅक पत्त्यावरून ओळख पटवतो. पण ‘शेवटी’ म्हणजे कधी? आमच्या स्विचवर मुळात ३० सेकंदांच्या अंतराने तीनदा विचारणा होती, म्हणजे दीड मिनिट. तोवर प्रिंटर डीएचसीपीची (आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेची) वाट पाहून थकायचा आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसायचा. पोर्ट उघडल्यावरही तो त्याच पत्त्याला चिकटून. विचारणेचं अंतर १० सेकंदांवर आणल्यावर प्रश्न सुटला. मात्र हे सेटिंग वेब स्क्रीनवर नाहीच, कमांड लाइनमध्येच जावं लागतं. रोज लागणारी गोष्ट अशी दडवून ठेवणं मला चूक वाटतं.

शिवाय मॅक पत्ता नक्कल करता येतो. म्हणून अशा उपकरणांचा व्हीलॅन वेगळा ठेवून त्याला फक्त प्रिंट सर्व्हरपर्यंत जाऊ दिलंय.

रेडियस सर्व्हर बंद पडला तर? सुट्टीच्या दिवशी तो मुद्दाम बंद करून पाहिला. आधी ओळख पटलेले चालू राहिले, नवे क्रिटिकल व्हीलॅनमध्ये (सर्व्हर बंद असताना वापरायच्या राखीव व्हीलॅनमध्ये) गेले. हा व्हीलॅन आधीच ठरवलेला नसेल तर नव्याने जोडणारा प्रत्येक जण बाहेर राहतो.

डीएचसीपी स्नूपिंग मला सगळ्यात आवडलं. फक्त अपलिंक (मुख्य नेटवर्ककडे जाणारा पोर्ट) विश्वासू, बाकी पोर्टवरून कोणी पत्ते वाटायला लागला की त्याची उत्तरं तिथेच अडतात. कोणीतरी मीटिंग रूममध्ये घरचा राउटर लावला होता. लॉगमध्ये थेट पोर्टचा नंबर आला आणि पाच मिनिटांत तो सापडला. कोणत्या पोर्टवर कोणाला कोणता पत्ता मिळाला याचा तक्ता स्नूपिंग ठेवतं. एआरपी इन्स्पेक्शन (दुसऱ्याचा आयपी पत्ता आपला म्हणून सांगणाऱ्याला अडवणारी तपासणी) याच तक्त्यावर चालतं, त्यामुळे स्थिर आयपी असलेल्या कॅमेऱ्यांच्या नोंदी हाताने घालाव्या लागतात. तक्ता फ्लॅशमध्ये साठवायची सोय सुरू करा, नाहीतर रीबूटनंतर चांगली उपकरणंही अडकतात.

नव्याने बसवणाऱ्यांनी ८०२.१एक्स आधी मॉनिटर मोडमध्ये चालवावं. त्यात कोणाला अडवत नाही, पण कोण नापास झालं असतं ते लॉगमध्ये दिसतं. आमच्याकडे त्या यादीत असे काही यूपीएस आणि हजेरीची मशीन निघाली, ज्यांची नोंद कोणाकडेच नव्हती.