एसीचं लिकेज शोधायला घेतलेली यूव्ही टॉर्च आणि डाय : नऊ महिन्यांचा अनुभव

आधी गाडीचं सांगतो. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, मुक्काम परभणी. मे महिन्यात इथं पारा ४३च्या पुढं जातो हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आईला दर दीड महिन्याला तपासणीसाठी संभाजीनगरला न्यावं लागतं. पहाटे निघालो तरी परतताना जालन्यातच भर दुपार होते. त्या झळा अंगावर घेत ७४ वर्षांच्या बाईला बसवून आणायचं, हे मागच्या उन्हाळ्यात दोनदा करावं लागलं. तिसऱ्यांदा करायचं नाही, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये एसीत गॅस भरला, जूनच्या पहिल्या आठवड्यात परत भरला. दोन्ही वेळा १८०० रुपये, आणि दोन्ही वेळा एकच उत्तर : "गॅस उडतोच हो दादा, दरवर्षी टाकावाच लागतो." मला ते पटलं नाही. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद पायपांतून गोल गोल फिरत राहतो. रबरी पाइपांतून किंचित झिरपतो हे खरं, पण त्यानं गारवा कमी व्हायला वर्षं जातात. दोन महिन्यांत हवा गरम यायला लागली म्हणजे कुठंतरी लिकेज आहे, आणि ते न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. शिवाय हा आर-१३४ए गॅस हवेत गेला की तापमानवाढीत त्याचा वाटा त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त असतो. ज्या उन्हाला आपण वैतागतो त्यातच भर घालायची, तीही पैसे मोजून!

मार्चमध्ये ऑनलाइन यूव्ही (अतिनील उजेडाची) टॉर्च, पिवळा चष्मा आणि डायची, म्हणजे त्या उजेडात चमकणाऱ्या रंगाची, सिरिंज असा सेट घेतला, ११५० रुपयांना. पाठोपाठ गॅसचा वास घेऊन टिकटिक करणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर घेतला, २४०० रुपयांना.

डायचं काम साधं आहे. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच सगळीकडं फिरतं. डाय त्या तेलात मिसळते. जिथून गॅस निसटतो तिथून थोडं तेलही बाहेर येतं; गॅस उडून जातो, तेल तिथंच चिकटून राहतं आणि टॉर्चच्या उजेडात पिवळंहिरवं चमकतं. माझ्या सिरिंजमध्ये साडेसात मिली डाय होती, तेवढी एका गाडीला पुरे. जास्त टाकायचा मोह टाळा. छोट्या गाडीत तेलच शे-दीडशे मिली असतं, ते पातळ झालं तर कॉम्प्रेसरवर येतं. मी गॅस भरतानाच मिस्त्रींकडून ती आत सोडवून घेतली. गॅसचे पाइप घरी खोलायच्या भानगडीत पडू नका, द्रव गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते. आणि गॅस पार संपलेला असेल तर कॉम्प्रेसर चालूच होत नाही, मग डाय फिरणार कशी? म्हणून गॅस असतानाच टाकायची.

पहिल्या रात्री काहीच दिसलं नाही आणि मन खट्टू झालं. डायला फिरायला वेळ लागतो. आठवडाभर रोज एसी लावून गाडी चालवली, मग अंधारात, इंजिन बंद करून पुन्हा बघितलं. तेव्हा भलत्याच जागा चमकायला लागल्या. रेडिएटरजवळचा हिरवट डाग कूलंटचा निघाला, तोही यूव्हीत तसाच चमकतो. निळसर ठिपके म्हणजे मी पुसायला वापरलेल्या फडक्याचे धागे. कपड्याच्या साबणातली चमक त्यांना लागलेली असते. म्हणून आधी सगळे जोड स्वच्छ पुसायचे, दोन-तीन दिवस गाडी चालवायची आणि मगच जे नव्यानं उमटेल त्यावर विश्वास ठेवायचा. ही गोष्ट कळायला मला तीन आठवडे लागले.

सेटमधली टॉर्च मला आवडली नाही. तिचा जांभळा उजेडच इतका पसरतो की बारीक डाग त्यात बुडून जातो. मे महिन्यात ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची दुसरी टॉर्च ९०० रुपयांना घेतली आणि फरक लगेच कळला. उजेड जवळजवळ दिसत नाही, डाग तेवढा उठून दिसतो. नव्यानं घेणाऱ्यानं सरळ हीच घ्यावी. पिवळा चष्मा मात्र दोन्हींबरोबर हवाच, डोळ्यांसाठीही आणि डाग दिसण्यासाठीही.

पहिलं लिकेज एप्रिलमध्येच सापडलं होतं. गॅस भरायच्या तोंडाचं प्लास्टिकचं टोपण कधीचं हरवलं होतं आणि आतली पिन झिरपत होती. डाय तिथूनच आत गेली होती, त्यामुळं डाग असणारच असं समजून मी दोनदा दुर्लक्ष केलं. पुसल्यावर चार दिवसांनी पुन्हा चमक आली तेव्हा खात्री पटली. पिन आणि टोपण बदलून २५० रुपयांत काम झालं. घरात पेढे आणले, इतका आनंद झाला.

जूनमध्ये हवा परत कोमट यायला लागली. एका वर्कशॉपमध्ये इंजिन बंद असताना प्रेशरचा गेज लावून सांगितलं की ११० पीएसआय दाखवतंय, गॅस फुल आहे. इथंच बहुतेक गाड्यांचा घोळ होतो, म्हणून नीट सांगतो. बंद यंत्रणेत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी प्रेशर ठरतं फक्त तापमानावर. ३५ अंशांना ते ११४ पीएसआयच्या आसपासच राहतं, मग आत ४०० ग्रॅम असो की १५०. किती गॅस आहे हे वजनावरूनच कळतं : सगळा गॅस मशीननं काढून मोजायचा. माझ्या बॉनेटखालच्या स्टिकरवर ३८० ग्रॅम लिहिलंय. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये काढून मोजला तर निघाला २१०.

बॉनेटखाली सगळं कोरडं होतं. तेव्हा कूलिंग कॉईलवर (जिच्यावरून हवा गार होऊन येते) संशय गेला, पण ती डॅशबोर्डच्या आत. अर्धा तास एसी चालवून गाडीखाली पाण्याचा जो पाइप ठिबकतो त्याच्या तोंडावर टॉर्च मारली. काठावर हिरवी कड स्पष्ट दिसली. पाणी कॉईलवरूनच येतं, म्हणजे तेल तिथलंच. डिटेक्टरचा खरा उपयोगही इथंच झाला. ब्लोअर बंद ठेवून पंधरा मिनिटं थांबलो आणि डॅशबोर्डवरच्या मधल्या हवेच्या जाळीतून डिटेक्टरची नळी आत घातली, तर आवाज थांबेना. एरवी हा डिटेक्टर बेभरवशाचा वाटला. पेट्रोलच्या वासाला वाजतो, क्लीनर मारलं की वाजतो, वारा असला की गप्प बसतो. गॅस हवेपेक्षा जड असल्यानं नळी जोडाच्या खालून अगदी सावकाश फिरवावी लागते. फक्त डॅशबोर्डच्या आतल्या शंकेसाठी २४०० रुपये घालवावेत असं मी कुणाला म्हणणार नाही.

मिस्त्रींना पाइपाचं तोंड दाखवलं. ते म्हातारे आहेत, घाईनं काही बोलत नाहीत. स्वतः खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "आता डॅश खोलावाच लागतंय बघा, दुसरा इलाज नाही." जुनी कॉईल बाहेर आली तेव्हा तिच्यात कडुनिंबाचा पाला आणि काळी माती थापल्यासारखी बसली होती. गाडी वर्षानुवर्षं दारातल्या लिंबाखाली उभी राहते, आणि या मॉडेलला केबिन फिल्टर नाही. ओलसर कचऱ्यानं ॲल्युमिनियम कुजून बारीक भोकं पडली होती. नवी कॉईल, ओ-रिंगा, व्हॅक्यूम, वजन करून ३८० ग्रॅम गॅस आणि दोन दिवसांची मजुरी मिळून ८२०० रुपये झाले. आता ब्लोअरच्या तोंडाला बारीक जाळी बसवून घेतली आहे आणि दर पंधरा दिवसांनी काचेखालचा पाला हातानं काढतो.

टॉर्चचा एक उपयोग सांगितलाच पाहिजे. जुलैच्या एका रात्री गाडीखाली वाकलो तर फरशीच्या कडेला हिरवट-निळं काहीतरी चमकलं. विंचू होता. विंचवाचं कवच यूव्हीत चमकतं हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडं दगडी कुंपण आहे, लहान लेकरं अंगणात खेळतात; पावसाळाभर रोज रात्री झोपण्याआधी एक फेरी मारली, तीन सापडले. शेतवस्तीवर राहणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी ही टॉर्च घ्यावी.

कॉईल बदलल्याला पाच महिने झाले. ऑक्टोबर हीटमध्ये, बाहेर ३६ असताना, डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीत ठेवलेला थर्मामीटर ९वर होता. डाय तेलात अजून आहेच, पुन्हा टाकायची गरज नाही. मागच्या रविवारी कंडेन्सर धुतला, सगळे जोड पुसले आणि टॉर्च मारली. कुठं काही चमकलं नाही. आता मार्चमध्ये पुन्हा बघणार. आईची पुढची उन्हाळ्यातली तारीख १५ एप्रिलची आहे.