तीन हजारांच्या आतले बास्केटबॉल शूज: सिमेंटच्या कोर्टवर पावसाळा ते उन्हाळा

ब्रँडचं नाव टाकत नाहीये, उगाच विचारू नका. ह्या रेंजमधली मॉडेल्स वर्षभरात गायब होतात, तुम्ही दुकानात जाल तेव्हा हे मिळेलच असं नाही. आणि तसंही अडीच-तीन हजारात जे मिळतं ते बहुतेक सगळं एकाच घाटाचं असतं, वर जाळी, मध्ये ईव्हीएचा फोम, खाली रबर, टाचेला आतून प्लॅस्टिकचा कप. त्यातलं काय टिकतं आणि काय आधी मरतं एवढं कळलं की कुठलाही जोड बघून घेता येतो.

माझा वापर सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळवून बघा. वजन ऐंशीच्या वर, गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेणारा, खेळतो (म्हणजे पोरं खेळू देतात), पुण्यात बाहेरचं सिमेंटचं कोर्ट, आठवड्यातनं तीन-चार संध्याकाळी, बहुतेक हाफ कोर्टवर थ्री ऑन थ्री. कधीतरी मित्राच्या ओळखीनं आतलं लाकडी कोर्ट मिळतं. पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला जोड, आता मे चालू आहे, अजून पायात तोच आहे.

सगळ्यात आधी ग्रिप, कारण बाकी सगळं नंतर. सोलला हेरिंगबोन म्हणतात ती झिगझॅग नक्षी आहे आणि ती बास्केटबॉलला का वापरतात ते पहिल्याच लाकडी कोर्टवर कळतं, कुठल्याही दिशेनं कट मारा, पाय तिथंच थांबतो, चूं असा आवाज येतो आणि आपण उगाच भारी खेळतोय असं वाटतं. सिमेंटवर आवाज-बिवाज काही नाही, पण पकड चांगली. प्रॉब्लेम धुळीचा. आमच्या कोर्टच्या एका कोपऱ्यात शेजारच्या बांधकामाची बारीक माती येऊन बसते, तिथं डिफेन्स करताना पाय सरकायचा तो सरकतोच. दर दोन पॉइंटला तळहात सोलवर घासून घ्यायचा, एवढाच उपाय आहे आणि तो महागड्या शूजवाल्यांनाही करावा लागतो, मी बघितलंय. नक्षीच्या फटी खोल आणि मोकळ्या असतील तर माती निघते, दाट बारीक नक्षी असेल तर आत घट्ट बसते. हे दुकानात सोल उलटा करून बघता येतं पण लोक वरचा कलर बघत बसतात.

झिजण्याचं म्हणाल तर मी डावा पाय पिव्हट धरतो, म्हणजे तो जागेवर रोवून त्यावर फिरतो, त्यामुळे डावा सोल आधी गेला. अंगठ्याच्या गादीखाली, जिथं गिरकी घेताना सगळा भार येतो, तिथली नक्षी दिवाळीपर्यंत पुसट झाली, संक्रांतीला हात फिरवला तर गुळगुळीत, आणि आता तिथं रबर इतकं पातळ झालंय की खालचा पांढरा फोम डोकावतोय. उजव्या पायाची नक्षी अजून बोटाला लागते. टाचेकडं तर जवळजवळ नव्यासारखी आहे. म्हणजे सोल सगळीकडून झिजत नाही, एका जागी मरतो आणि मग त्या जागेवरून घसरायला होतं.

आता ह्यात एक मजा आहे. ग्रुपमधल्या एकानं साधारण त्याच सुमारास ह्याच्या चौपट किमतीचे, एका एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग) प्लेअरच्या नावाचे शूज घेतले. पाय घालून बघितले मी, वेगळीच दुनिया आहे, फोम असा की उतरवावेसे वाटत नाहीत. पण त्याचा सोल माझ्याआधी गेला! कारण सरळ आहे, ते रबर लाकडी कोर्टसाठी मऊ बनवलेलं असतं, सिमेंट त्याला रंध्यासारखं सोलून काढतं. बाहेरच्या कोर्टसाठी रबर कडक लागतं. नायकी काही जोडांवर एक्सडीआर असं लिहून देते ते ह्याचसाठी, जास्त टिकाऊ रबर. स्वस्तातल्या शूजना बहुतेक वेळा कडक रबरच असतं, बाहेरच्या कोर्टचा विचार करून म्हणून किंवा मऊ रबर परवडत नाही म्हणून, आपल्याला काय, फायदा आपलाच. नख रोवून बघा, सहज रुतलं तर सिमेंटसाठी घेऊ नका.

फोमचं मात्र रडगाणं आहे. ईव्हीए नवीन असताना छान वाटतो, उडी मारून खाली आलं की टाचेला धक्का जाणवत नाही. पण तो दाबून दाबून बसतो आणि मग परत फुगत नाही. साधारण चौथ्या महिन्यात रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून आलेला बॉल, घेऊन खाली आलो की टाचेत थेट सिमेंट जाणवायला लागलं, आणि रात्री पायाची नळी ठणकायची. इनसोल बदलून बघितला, चारशेचा. तळव्याला मऊ लागतो एवढंच, मेलेला फोम त्यानं जिवंत होत नाही. रोज तेच शूज घालण्यापेक्षा एक दिवस आड घातले तर फोम थोडा सावरतो हा अनुभव आहे. माझ्यापेक्षा हलके असाल, कॉलेजातली साठ किलोची पोरं वगैरे, तर तुम्हाला हा त्रास बराच उशिरा येईल. पण नव्वदच्या पुढं असाल, सेंटर, म्हणजे बास्केटखालचा उंच गडी, खेळत असाल, सारख्या उड्या असतील, तर ह्या रेंजच्या नादी लागू नका, गुडघ्याच्या डॉक्टरची फी जोडाच्या किमतीपेक्षा जास्त आहे.

घरच्यांनी आणि दुकानदारानं दोघांनी विचारलेलं, घोट्याच्या वरपर्यंत येणारे का नाही घेतले, पाय मुरगळला तर? हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. अमेरिकेत १९९३ साली कॉलेजच्या सहाशेच्या वर खेळाडूंवर अभ्यास झाला होता, उंच शूज आणि बुटके शूज, मुरगळण्यात म्हणावा असा फरक निघाला नव्हता. एनबीएच्या कोबी ब्रायंटनं तर २००८ च्या शेवटी आलेल्या आपल्या शूजची कड मुद्दाम खाली घ्यायला लावली, फुटबॉलवाल्यांचं बघून. मुरगळण्यापासून वाचायचं तर चवड्याच्या बाहेरच्या बाजूला सोल थोडा रुंद बाहेर काढलेला आहे का ते बघा, आणि टाच आत हलते का ते बघा. माझ्या जोडात सोल बाहेर काढलेला आहे, टाच सुरुवातीला हलायची, मग सगळ्यात वरचं ते जादाचं भोक असतं ना जे कुणी वापरत नाही, त्यातून लेसचा फास करून घेतला, टाच बसली.

ह्याच कारणासाठी रनिंग शूजमध्ये बास्केटबॉल खेळू नका रे. आमच्याकडं निम्मी पोरं तेच करतात. पळायचे शूज सरळ पुढं जायला बनवलेले, टाच उंच, फोम मऊ, बाजूला जोर दिला की पाय सोलवरून बाहेर लोळतो. त्यापेक्षा हे साधे शूज शंभर पटीनं बरे.

फिटिंग, थोडक्यात: चवड्याकडं अरुंद आहेत. आपले पाय बहुतेकांचे पुढं पसरट, माझी करंगळी पहिले दोन आठवडे सोलवटली, नंतर जाळी सैल झाली. संध्याकाळी जा, जाड मोजे घालून बघा, अर्धा नंबर मोठा घ्या. हवा चांगली खेळते, मे महिन्यातही पाय उकडत नाहीत. पावसात मात्र जाळी लगेच पाणी पिते आणि वाळायला दोन दिवस घेते, वास येतो तो वेगळाच.

पैशाचं गणित. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के झालाय, त्याच्या वर १८. त्यामुळे २,४९९ आणि २,९९९ मध्ये बघत असाल तर त्या वरच्या पाचशेत शूजच्या वाट्याला जेमतेम एकशे साठ येतात, बाकीचे तीनशे चाळीसच्या आसपास टॅक्समध्येच जातात, हिशोब करून बघा. स्वस्त म्हणजे टाकाऊ असा एक समज आहे त्याला उत्तर म्हणून मला नेहमी मार्बरी आठवतो, एनबीएचा खेळाडू स्टीफन मार्बरी, २००६ मध्ये त्यानं स्वतःच्या नावाचे शूज १४.९८ डॉलरला काढले आणि एनबीएच्या मॅचमध्ये तेच घालून उतरला. आता आपण काय एनबीए खेळत नाही. पण सिमेंटवर खेळणाऱ्यानं बारा हजारांचा एक जोड घेण्यापेक्षा अडीच हजारांचे दोन जोड आलटून पालटून घातले तर फोम जास्त दिवस ताजा राहतो, सोल दुप्पट चालतो आणि तरी सात हजार खिशात राहतात. लाकडी कोर्टवर नियमित खेळणाऱ्यांना हे लागू नाही, त्यांनी खुशाल चांगले घ्यावेत, वसूल होतील.

शेवटचं, चिकटवलेला सोल. गणपतीनंतर उजव्या पायाचा अंगठ्याकडचा सोल उचकटला. कंपनीला फोटो पाठवले तर तिकडून उत्तर, वापरामुळे झालेलं आहे, वॉरंटीत बसत नाही. म्हटलं बरं. आमच्या चौकातल्या मोचीकाकांकडं नेला, त्यांनी आधी सोल पूर्ण मागं दाबून बघितला, जुनं सोल्यूशन खरवडून काढलं, नवीन लावून दाबून ठेवलं आणि मग कडेनं जाड दोऱ्याची शिलाई घातली, दोन्ही पायांची, दीडशे रुपयात. "नवीन असतानाच आणायचे ना," म्हणाले. शिलाई आजपर्यंत उसवलेली नाही. फक्त दोरा रबराच्या खाचेत आत बसवून घ्या, वर राहिला तर सिमेंटवर घासून आठवड्यात तुटतो. आणि खेळून झाल्यावर शूज स्कूटरच्या डिकीत ठेवून देऊ नका, उन्हात आत भट्टी होते आणि सोल्यूशन सुटतं ते तिथंच.