ग्वाल्हेरचा किल्ला: ग्वाल्हेर दरवाज्यानं चढावं की उरवाईनं?

ग्वाल्हेरला दीड-दोन दिवसांसाठी जाणाऱ्यानं किल्ला पाहायचा की नाही, हा प्रश्नच नसतो. जयविलास राजवाडा, तानसेनची कबर, शहराच्या लश्कर भागातल्या शिंद्यांच्या छत्र्या, फुलबागेजवळची झाशीच्या राणीची समाधी ही ठिकाणं खाली सपाटीवर आहेत आणि कुठल्याही क्रमानं पाहिली तरी फारसं बिघडत नाही. किल्ल्याचं तसं नाही. वर जायला दोन वाटा आहेत आणि त्या डोंगराच्या विरुद्ध अंगांना आहेत. पूर्वेला, जुन्या गावाच्या बाजूनं ग्वाल्हेर दरवाजा. इथून फक्त पायी. पश्चिमेला उरवाई दरवाजा. इथून गाडी थेट माथ्यावर जाते. यातली कोणती वाट धरता, त्यावर काय दिसणार, काय सुटणार, पूर्वेच्या पायथ्याच्या गुजरी महालातलं संग्रहालय उघडं मिळणार की बंद आणि दुपारचं जेवण कुठे होणार, हे सगळं ठरतं.

उरवाईची सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. बरोबर वयस्कर मंडळी असतील, कडेवरचं मूल असेल किंवा महिना मे असेल तर पुढची चर्चा बाजूला ठेवून गाडी करावी. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंश सहज गाठतो आणि माथ्यावर सावली नावालाच आहे. रिक्षा बहुधा उरवाई दरवाज्यापाशी सोडते. पुढचा चढ अरुंद आणि उभा आहे, त्यामुळे थेट वर जायचं तर टॅक्सी किंवा स्वतःची गाडी बरी. ठरवताना ‘किल्ल्यापर्यंत’ असं मोघम बोलू नये. ‘मानमंदिराच्या दारापर्यंत’ (मानमंदिर म्हणजे माथ्यावरचा राजवाडा) असं स्पष्ट सांगावं, नाहीतर भाडं ठरतं एका जागेचं आणि उतरावं लागतं दुसरीकडे.

उरवाईचा हा चढ खिंडीतून जातो आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खडकांत जैन तीर्थंकरांच्या उभ्या आणि बसलेल्या मूर्ती कोरलेल्या आहेत. तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, पंधराव्या शतकात त्या घडल्या. सर्वांत मोठी आदिनाथांची, सुमारे ५७ फूट उंच. बाबर १५२८ मध्ये इथे आला, त्यानं या नग्न मूर्ती फोडायला सांगितल्या आणि ते आपल्या आठवणींत लिहूनही ठेवलं. प्रत्यक्षात मुख्यतः चेहऱ्यांची मोडतोड झाली आणि पुढे जैन समाजानं काही चेहरे चुन्यानं दुरुस्त केले. नीट पाहिलं तर धडाचा दगड आणि तोंडाचा गिलावा यांतला फरक ओळखू येतो.

पण हे ‘नीट पाहणं’ गाडीतून होत नाही. रस्ता अरुंद, समोरून उतरणाऱ्या गाड्या, मागच्याचा हॉर्न. उभ्या चढावर थांबायला चालक नाखूश असतो आणि त्यात त्याचं चुकत नाही. काचेतून एक गुडघा, एक खांदा दिसतो आणि गाडी वळण घेते. ‘उतरताना बघू’ असं ठरतं. उतरताना सगळे दमलेले असतात.

तरीही मूर्ती नीट न दिसणं हा उरवाईचा मुख्य दोष नव्हे. मुख्य दोष गाडीच. ती एकदा वर उभी केली की माणूस खुंटाला बांधल्यासारखा होतो. किल्ला आहे जवळजवळ तीन किलोमीटर लांब. ईशान्य टोकाला मानमंदिर, मध्यावर पूर्वेच्या कड्याजवळ सास-बहूची देवळं, त्यांच्या समोरच्या पश्चिम अंगाला तेली का मंदिर आणि गुरुद्वारा. यात गाडीनं फिरायचं म्हणजे उतरा, पाहा, परत बसा. चालकाच्या हिशेबात मानमंदिर, सास-बहू आणि गुरुद्वारा झाला की किल्ला संपतो, आणि थांबण्याचं भाडं डोक्यात असल्यानं आपणही मान डोलावतो. पूर्वेच्या वाटेवरचा हत्ती पोळ हा दरवाजा खाली उतरून पाहावा, पायवाटेनं चतुर्भुज मंदिरापर्यंत जावं, गुजरी महालात तासभर घालवावा, असं वाटलं तरी गाडी वर उभी असते. म्हणजे जेवढं उतरलो तेवढं पुन्हा चढायचं. किंवा चालकाला फोन करून डोंगराला वळसा घालून पलीकडे यायला सांगायचं, आणि वर उभा असलेला चालक त्याला सहसा राजी होत नाही. पश्चिमेकडून आलेले बहुतेक पर्यटक किल्ल्याची अख्खी पूर्व बाजू न पाहताच परततात, त्यामागचं कारण हे एवढंच. बाकी सगळं सोसता येतं. आमचा कौल फिरला तो या एका गोष्टीवर.

आता ग्वाल्हेर दरवाजा. स्टेशनपासून रिक्षानं थोडकं अंतर. दरवाज्याला आलमगिरी दरवाजा असंही म्हणतात, कारण तो औरंगजेबाच्या काळात बांधला गेला. आत शिरल्यावर उजव्या हाताला गुजरी महाल आणि समोर चढता फरसबंद रस्ता. वाहनांना मनाई असल्यामुळे तो आरामात चालता येतो. वाटेत एकामागून एक जुने दरवाजे लागतात: बादलगढ, गणेश, लक्ष्मण आणि शेवटी हत्ती पोळ. न थांबता वीस-पंचवीस मिनिटं, थांबत गेलं तर पाऊण तास. डोंगराची उंची तीनशे फुटांच्या आसपास. सिंहगड पायी चढणाऱ्याला ही चढण म्हणजे चहाआधीचा फेरफटका वाटेल. दम लागतो तो उंचीनं नव्हे, उघड्या उन्हानं.

गणेश आणि लक्ष्मण दरवाज्यांच्या दरम्यान एका अखंड खडकात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर आहे. याला मोटारीचा रस्ता नाही, पूर्वेची वाट धरली तरच ते भेटतं. आतल्या शिलालेखावर इसवी सन ८७६ च्या सुमाराचा काळ नोंदलेला आहे. फुलबागेसाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन आणि देवाला रोज ५० माळा, असा त्याचा मजकूर. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखंच गोल कोरलेलं आहे. भारतातल्या निश्चित काळ ठाऊक असलेल्या जुन्या शून्यांमध्ये त्याची गणना होते. अक्षरं बारीक आहेत, म्हणून मोबाइलचा दिवा तिरपा धरावा. समोरून धरला तर कोरीव खाचा दिसेनाशा होतात. दार कधी कुलूपबंद असतं, तेव्हा आसपासच्या पहारेकऱ्याला विचारून पाहावं.

आणि मग ती भिंत. मानसिंह तोमरांनी (कारकीर्द १४८६ ते १५१६) बांधलेल्या मानमंदिराची पूर्वेची बाजू कड्याच्या काठावर उभी आहे, सुमारे तीनशे फूट लांब, मधूनमधून घुमटाचे गोल बुरूज आणि निळ्या फरश्यांचे उरलेसुरले पट्टे. चढणारा तिच्या अगदी पायथ्याशी असतो. पूर्वेकडची असल्यामुळे सकाळचं ऊन तिच्यावर समोरून पडतं आणि निळा रंग खुलतो. दुपार कलली की भिंत स्वतःच्याच सावलीत जाते. उरवाईनं येणाऱ्याला मानमंदिराची दक्षिण बाजू दिसते. तिथेही हत्ती, बदकं, केळीची झाडं यांची निळी-पिवळी-हिरवी नक्षी आहे आणि जवळून पाहायला तीच जास्त सोयीची. पण किल्ला शत्रूला कसा दिसत असेल, ते पूर्वेच्या वाटेवरच कळतं.

पूर्वेच्या वाटेची गोची वेळापत्रकात आहे. किल्ला सकाळी लवकर उघडतो, गुजरी महालातलं संग्रहालय मात्र दहाला, आणि सोमवारी ते बंद. ऊन टाळायला सातला चढलात तर संग्रहालय मागे राहतं. दहापर्यंत थांबलात तर चढण उन्हात. संग्रहालय सोडावं असंही नाही, कारण ग्यारसपूरची शालभंजिका ही प्रसिद्ध स्त्रीमूर्ती तिथे आहे. ती कुलपात असते, न विचारता निघालात तर राहून जाते. कर्मचाऱ्याला सांगितलं की दाखवतात.

तोडगा ऋतूप्रमाणे बदलतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सातला चढावं, माथा पाहून उरवाईनं पायी उतरावं आणि संग्रहालय दुसऱ्या सकाळी तानसेनच्या कबरीबरोबर घ्यावं. सूफी संत मुहम्मद गौस आणि तानसेन यांच्या कबरी ग्वाल्हेर दरवाज्यापासून जवळच आहेत, त्यामुळे ही सकाळ वाया जात नाही. डिसेंबर-जानेवारीत उलट करावं. सकाळी धुकं इतकं दाट असतं की भिंतीखाली उभं राहूनही भिंत दिसत नाही, आणि रात्रीच्या गाड्याही उशिरा येतात. तेव्हा दहाला संग्रहालय, अकराच्या सुमारास चढायला सुरुवात. धुकं विरलेलं असतं, ऊन हवंहवंसं असतं आणि भिंतीवर अजून उजेड असतो. एप्रिल ते जूनमध्ये पूर्वेचा हट्ट धरू नये.

माथ्यावर पोचल्यावर आधी मानमंदिर पाहावं. तळघरांत उतरणारे जिने अरुंद, अंधारे आणि ठेंगण्या छताचे आहेत, वटवाघळांचा वासही असतो, विजेरी हवीच. मुघलांनी याच तळघरांचा तुरुंग केला होता आणि औरंगजेबाचा भाऊ मुराद याला १६६१ मध्ये याच किल्ल्यावर मारलं. उत्तरेकडचे करण महाल, विक्रम महाल, जौहर कुंड वगैरे राज्य पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि त्यांचं तिकीट वेगळं. वेळ कमी असेल तर हा भाग गाळावा. तिथून सास-बहू. नाव मूळचं सहस्रबाहू, मोठं देऊळ १०९३ मध्ये पूर्ण झालेलं, आणि मागच्या कठड्यावरून खालचं शहर छान दिसतं. मग माथा ओलांडून तेली का मंदिर. सुमारे शंभर फूट उंच आणि शिखराऐवजी हत्तीच्या पाठीसारखं लांबट छप्पर. उत्तरेत असं क्वचितच दिसतं. बाजूलाच दाता बंदी छोड गुरुद्वारा. चालून आलेल्याची जेवणाची वेळ इथेच होते. लंगर आहे, प्यायचं पाणी आहे, सावली आहे. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवावा.

गुरुद्वाऱ्यापासून उरवाईचा उतार जवळ आहे. गाडीतून निसटणाऱ्या मूर्ती या उतारावर पायी चालताना मनसोक्त पाहता येतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवून कडेनं चालायचं, एवढंच पथ्य. खाली उरवाई दरवाज्यापाशी रिक्षा मिळते आणि तिथून लश्कर किंवा जयविलास सोयीचं पडतं. पूर्वेनं चढून पश्चिमेनं उतरण्यात एकही पाऊल दुसऱ्यांदा पडत नाही. पाठीला ओझं मात्र नको, सामान हॉटेलात किंवा स्टेशनवर ठेवून यावं.

चढणं जमत नाही पण उतरणं जमतं, अशांसाठी मधला मार्ग आहे. टॅक्सी ‘फक्त सोडायला’ ठरवायची, उरवाईनं मानमंदिरापर्यंत जायचं, तिथेच पैसे देऊन तिला मोकळं करायचं आणि हत्ती पोळातून पायी खाली गुजरी महालाशी यायचं. गाडीची कटकट सुटते, संग्रहालयही उघडं मिळतं. उणीव इतकीच की ती भव्य भिंत सगळा वेळ पाठीमागे राहते आणि मान वळवून पाहावी लागते. शिवाय फरसबंदीचे काही दगड वापरून गुळगुळीत झाले आहेत. चढताना ते जाणवत नाहीत, उतरताना पाय घसरतो. रबरी तळाचे बूट घालावेत, पावसाळ्यात हा बेत नकोच. (तिसरी वाट ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमच्या सैनिकांनी १७८० च्या ऑगस्टमध्ये काढली होती. रात्री दोराच्या शिड्या लावून, पायांत कापूस भरलेली पायताणं घालून ते वर आले. तेव्हा किल्ला शिंद्यांच्या ताब्यात होता.)

गाडीला एका प्रसंगी मात्र पर्याय नाही: मानमंदिराजवळचा संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम. आधी हिंदी, नंतर इंग्रजी. कार्यक्रम संपल्यावर पूर्वेची वाट अंधारात उतरण्याजोगी नसते आणि माथ्यावर रिक्षा मिळत नाही. तेव्हा जाण्या-येण्याची आणि तिथे थांबण्याची मिळून टॅक्सी आधीच ठरवावी, आणि प्रेक्षकांच्या गाड्यांच्या घोळक्यात ती सापडावी म्हणून नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवावा.