बाल्डर्स गेट ३ आणि एल्डन रिंग: चौघांची पार्टी की एकटं पात्र? महिनोंमहिने खेळल्यानंतर

हाताशी चार पात्रं असली की रोल-प्लेइंग गेम सोपा जातो, असं बरेच जण धरून चालतात. लॅरियन स्टुडिओजचा बाल्डर्स गेट ३ (पीसीवर ऑगस्ट २०२३) आणि फ्रॉमसॉफ्टवेअरचा एल्डन रिंग (फेब्रुवारी २०२२) हे दोन्ही कित्येक महिने आलटूनपालटून खेळल्यावर माझं मत निराळं आहे. पार्टीच्या खेळात प्रत्येक पात्र मुद्दाम अपुरं ठेवावं लागतं. एकट्याच्या खेळात एकाच पात्राला स्वतःपुरतं सगळं जमावं लागतं. एका खेळाची सवय दुसऱ्यात नेली की अडचणी सुरू होतात, आणि मग लोक खेळाला नावं ठेवतात.

आधी बाल्डर्स गेट ३. लेव्हलची कमाल मर्यादा १२ आहे, आणि खरी उडी पाचव्या लेव्हलला मिळते. फायटरला (योद्ध्याला) एका अॅक्शनमध्ये दोन वार मिळतात, विझार्डला (जादूगाराला) फायरबॉल हा आगीचा मंत्र मिळतो, म्हणजे सहा बाजूंच्या आठ फाशांचं डॅमेज एकाच वेळी अनेक शत्रूंवर. एकट्या पात्राची सवय असलेला खेळाडू इथे 'थोडी तलवार, थोडी जादू' म्हणत तीन लेव्हल फायटर आणि दोन लेव्हल विझार्ड घेतो. त्याच्याकडे दोन वारही नसतात आणि फायरबॉलही नसतो. शत्रू मात्र त्या टप्प्याला साजेसेच येतात. निदान पहिल्या पाच लेव्हल एकाच क्लासमध्ये (फायटर, विझार्ड यांसारख्या पेशात) घ्या. कुलपं अॅस्टेरियन उघडेल, जखमा शॅडोहार्ट भरेल; हे दोघे खेळातले सोबती. फायटरला वाचाळ नि बुद्धिमान करायची गरज नाही.

सगळ्यात जास्त डॅमेज वाया जातं ते कॉन्सन्ट्रेशन न समजल्याने. काही मंत्र टिकवायला सतत लक्ष द्यावं लागतं, आणि एका पात्राला एका वेळी असा एकच मंत्र टिकवता येतो. मार बसला की तो टिकवायला कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) फासा टाकावा लागतो. लक्ष्य असतं १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मं, यातलं जे मोठं असेल ते. ब्लेस हा पहिल्या लेव्हलचा मंत्र तीन जणांच्या हल्ल्यांना आणि सेव्हिंग थ्रोंना (संकटातून वाचायच्या फाशांना) चार बाजूंचा एक फासा जोडतो. माझ्या मते पहिल्या अंकात याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण गायडन्सलाही, म्हणजे कौशल्याच्या फाशाला मदत करणाऱ्या मंत्रालाही, कॉन्सन्ट्रेशन लागतं. शॅडोहार्टने ब्लेस टाकलं आणि मग कुलूप उघडायच्या वेळी तिच्याकडूनच गायडन्स दिलं, की ब्लेस गेलं. खेळ मोठ्याने ओरडून सांगत नाही, पात्रावरचं चिन्ह गुपचूप नाहीसं होतं. म्हणून कोण काय टिकवून आहे ते दर टर्नला पाहायचं. हेस्ट या वेग वाढवणाऱ्या मंत्राचं तर आणखी वाईट. टाकणाऱ्याचं कॉन्सन्ट्रेशन तुटलं की ज्याच्यावर मंत्र होता त्याची अख्खी टर्न सुस्तीत जाते. हेस्ट टाकणाऱ्याला मागे, उंचावर ठेवा. उंचावरून मारताना हल्ल्याला २ जास्त मिळतात, तो फायदा वेगळाच.

पार्टीचा खरा आनंद एकाने पाया रचायचा आणि दुसऱ्याने वार करायचा यात आहे. क्लेरिकने (देवाच्या बळावर जादू करणाऱ्या पात्राने) पाणी टाकून शत्रू ओला केला की वीज आणि थंडी या दोन्हींचं डॅमेज त्याला दुप्पट बसतं. ओल्यावर आग मात्र निम्मीच लागते, त्यामुळे पाण्यामागून फायरबॉल टाकणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. इथे क्रम महत्त्वाचा. या खेळात इनिशिएटिव्हसाठी (कोणाची चाल आधी हे ठरवायला) वीस बाजूंचा नव्हे, चार बाजूंचा फासा पडतो. त्यामुळे डेक्स्टेरिटीच्या (चपळाईच्या) बोनसचा एकेक गुण जड पडतो, आणि अलर्ट या फीटचे (निवडायच्या खास कौशल्याचे) अधिक ५ म्हणजे जवळजवळ पहिल्या टर्नची हमी. आपली दोन पात्रं क्रमात शेजारी आली तर त्यांची टर्न एकत्र उघडते. क्लेरिककडून पाणी टाका, टर्न न संपवता विझार्डवर जा, वीज टाका, मग पुन्हा क्लेरिककडे येऊन तिची चाल पुरी करा. हे बऱ्याच जणांना अर्धा खेळ होईपर्यंत कळत नाही.

आता तक्रारी. चौघांच्या पिशव्या सांभाळणं ही कारकुनी आहे, दुसरा शब्द नाही. सुरुवातीला, २०२३ अखेरच्या अपडेटआधी, कॅम्पवर सोडलेल्या सोबत्याच्या पिशवीत राहिलेली वस्तू ऐन वेळी काढताही येत नसे. कामाच्या वस्तू एकाच पात्राकडे ठेवा, बाकी सरळ कॅम्पच्या पेटीत पाठवा. अचानक सुरू होणाऱ्या संवादात जो पुढे असेल तोच बोलायला लागतो. मग करिश्मा (बोलण्याची छाप) ८ असलेला गडी राजकारण करतो आणि लढाई ओढवून घेतो. दारात शिरण्याआधी बोलणाऱ्या पात्राला पुढे काढणं हाच उपाय. अरुंद जागी सापळे असतील तर ग्रुप मोडून एकेकाला चालवा, नाहीतर मागचे तिघे रांगेने सापळ्यावर पाय देतात.

विश्रांतीत कंजुषी करू नका. लाँग रेस्टला ४० कॅम्प सप्लाय लागतात, टॅक्टिशियन या अवघड पातळीवर ८०. पेट्या, पिंपं, स्वयंपाकघरं उघडत गेलात तर अन्नाचा तुटवडा सहसा पडत नाही. सोबत्यांचे बरेचसे महत्त्वाचे प्रसंग रात्रीच्या कॅम्पवरच घडतात, विश्रांती टाळली तर ते रखडतात. बिल्ड (पात्राची मांडणी) फसलं तर कॅम्पवरचा विदर्स १०० सोन्यात पात्र नव्याने मांडून देतो, हवं तितक्या वेळा. चुकीची एवढी स्वस्त किंमत एल्डन रिंगमध्ये विसरा.

तिथे रिस्पेकसाठी (गुण पुन्हा वाटण्यासाठी) आधी राया लुकारिया या अकादमीतल्या रेनाला या बॉसला हरवायचं, शिवाय दर वेळी लार्व्हल टिअर ही एक वस्तू खर्चायची, आणि एका फेरीत त्यांची संख्या ठरलेली असते. म्हणून पॉइंट टाकण्याआधी विचार. पार्टीवाला खेळाडू सवयीने सगळं स्ट्रेंग्थमध्ये (ताकदीत) ओततो आणि व्हिगर (हेल्थ ठरवणारा गुण) १५ वर ठेवून 'बॉस दोन फटक्यांत मारतो' म्हणून रडतो. मागे जखमा भरायला कुणी उभं नाही! व्हिगर ४० ला हेल्थ १४५० होते, ६० ला १९००, त्यापुढे प्रत्येक पॉइंटमागे फार कमी मिळतं. पहिलं लक्ष्य ४० ठेवा.

डॅमेज सुरुवातीला स्टॅटपेक्षा शस्त्राच्या अपग्रेडमधून येतं. साध्या शस्त्राला दर तीन पायऱ्यांना २, ४ आणि ६ असे १२ स्मिदिंग स्टोन (शस्त्र सुधारायचे दगड) लागतात, कमाल पायरी २५. सॉम्बर या खास शस्त्रांना दर पायरीला एकच दगड, कमाल पायरी १०. त्यामुळे नवी शस्त्रं चाखून पाहायची हौस सॉम्बरमध्ये स्वस्तात भागते. शस्त्र दोन हातांत धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते. म्हणजे ३० मागणारं शस्त्र ढाल बाजूला ठेवली तर २० वरही चालतं. वजन ७० टक्क्यांच्या खालीच ठेवा, त्यावर गेलं की लोळण जड होते आणि टाळता येणारे फटके अंगावर येतात. एक चिलखत बदललं आणि बॉस अवघड वाटू लागला तर आधी हाच आकडा बघा.

इथेही सोबतीची सोय आहे, लढायला बोलावता येणारे आत्मे म्हणजे स्पिरिट अॅशेस. ते लबाडी आहेत असं म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा, खेळाने दिलेलं साधन आहे. ते फक्त ठरावीक जागी बोलावता येतात आणि ग्लव्हवर्ट फुलांनी १० पर्यंत वाढवावे लागतात, तसेच ठेवले तर बॉससमोर टिकत नाहीत. मिमिक टिअर हा आत्मा बोलवायला एफपी (जादूची शक्ती) नाही, ६६० हेल्थ मोजावी लागते. व्हिगर कमी असेल तर बोलवून लगेच फ्लास्क (हेल्थ भरणारं पेय) प्यावा लागतो, आणि नेमका तेव्हाच बॉस धावून येतो. मिमिक तुमच्याच अंगावरचं सामान घेऊन उतरतो, म्हणून बोलवण्याआधी हातात चांगलं शस्त्र आहे ना ते पाहा.

वेळेचा हिशेब उलटा निघतो. बाल्डर्स गेट ३ मधली मोठी लढाई तासभर चालू शकते, पण ती मध्येच सोडून चहाला उठता येतं आणि ऑनर मोड (एकच सेव्ह असलेली पातळी) नसेल तर मधेच सेव्हही करता येतं. एल्डन रिंगमधला बॉसचा एक प्रयत्न काही मिनिटांचाच, पण नेहमीसारखा पॉज नाही. दाराची बेल वाजली की रून्स (खेळातलं चलन) गेलेच समजा, आणि ते उचलायच्या आत पुन्हा मेलात तर कायमचे. घरात लहान मूल असेल तर पहिला घ्या. रोज निवांत अर्धा तास मिळत असेल आणि बोटं चलाख असतील तर दुसरा. जागाही आधी बघून ठेवा: बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी, तीही एसएसडीवर, एल्डन रिंगला ६० जीबी. हार्ड डिस्कवर बाल्डर्स गेट ३ टाकायच्या भानगडीत पडू नका, तिसऱ्या अंकातल्या शहरात माणसं आणि भिंती उशिरा उमटताना पाहून वैताग येईल.