ऑचनकॉर्थ मॉस: मातीवरचं चेंबर की वाऱ्यातला मनोरा?

स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या दक्षिणेला ऑचनकॉर्थ मॉस ही पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, दलदल आहे. तिथल्या ग्रामीण केंद्रावर जमीन आणि हवा यांच्यातली वायूंची देवघेव मोजली जाते. अशा मोजणीच्या मुख्य पद्धती दोन.

चेंबर पद्धतीत जमिनीत रुतवलेल्या चौकटीवर झाकण बसवायचं, थोड्या थोड्या वेळाने सिरिंजने हवा काढायची आणि आत वायू किती वेगाने साचतो ते पाहायचं. खर्च कमी, वीज जवळपास नकोच. नायट्रस ऑक्साइडसाठी मी आजही हीच पद्धत निवडेन, कारण तो हातभर अंतरावरही कमीजास्त निघतो आणि कुठल्या तुकड्यातून किती निघाला हे चेंबरच दाखवतं. पण पीटवर नुसता पाय पडला तरी मिथेनचे बुडबुडे सुटतात आणि आकडा फुगतो. म्हणून आधी फळ्यांची वाट हवी, याबाबत तडजोड नको.

दुसरी पद्धत एडी कोव्हेरियन्स, म्हणजे हवेतल्या भोवऱ्यांवरून मोजणी. तिच्या मनोऱ्यावर ध्वनिलहरींचा पवनमापक आणि वायुविश्लेषक सेकंदाला दहा-वीस नोंदी घेतात. वर जाणारे आणि खाली येणारे झोत, त्यांतला वायू, यांवरून अर्ध्या तासाचा प्रवाह निघतो. शेकडो मीटरचा परिसर, तोही रात्रंदिवस. दलदलीचा कार्बनचा वार्षिक ताळेबंद हवा असेल तर मनोराच हवा. मात्र वारा पडलेल्या रात्रींच्या नोंदी गाळाव्या लागतात आणि त्या जागा गणिताने भराव्या लागतात.

पावसातून, हवेतून उतरणारा नायट्रोजन यांपैकी कोणतीही पद्धत निवडली तरी स्वतंत्र मोजावा. पीटच्या शेवाळाला तो थोडाही जास्त झाला तर सोसत नाही.